जन्माची नोंद : दोन राजवटी, दोन दप्तरे

आमचा जन्म १९६० सालचा, सत्तरी महालातील एका खेड्यातला. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीला तेव्हा फार तर दोन वर्षांचे आयुष्य उरले होते. पण वाळपईच्या नोंदणी लेखनिकाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने नेहमीच्या वळणदार अक्षरात आमची नोंद केली, दिवस, महिना व साल अंकांत न लिहिता शब्दांत लिहिले, वडिलांची सही घेतली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि पान उलटले. नोंदीतील तारीख मात्र खोटी आहे. पत्रिकेप्रमाणे आम्ही माघातले. वडिलांना वाळपई गाठायला सवड झाली ती चैत्रात, आणि उशिराचा दंड चुकवण्यासाठी त्यांनी आमचा जन्मच पुढे ढकलला. सरकारी हिशेबाने आम्ही आहोत त्याहून सात आठवड्यांनी धाकटे आहोत. त्या सात आठवड्यांचा पगार आम्हांला निवृत्तीच्या वेळी जास्त मिळाला, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

आमची आई घाटावरची, खानापूर तालुक्यातली. तिचा जन्म १९३७ चा. २००३ मध्ये एका सरकारी साहाय्यासाठी तिच्या जन्माचा दाखला हवा झाला, तेव्हा आम्ही तिच्या गावच्या जुन्या दप्तराचा शोध घेतला. नोंद सापडली. तारीख होती, आजोबांचे नाव होते, जात होती. अपत्याच्या ठिकाणी एकच शब्द होता : ‘मुलगी’. नाव नव्हते. जिने तिला जन्म दिला त्या आमच्या आजीचे नाव तर नव्हतेच. आजोबांना तीन मुली. ही ‘मुलगी’ म्हणजेच आमची आई, हे ठरवायला पुढे शपथपत्रे करावी लागली.

सह्याद्रीच्या एकाच रांगेच्या दोन बाजूंना, एका दिवसाच्या पायवाटेवर, दोन परकी सरकारे दोन निराळ्या वह्या भरत होती. आमची हयात सरकारी नोकरीत गेली आणि तिच्यातील काही वर्षे नोंदणी खात्यात गेली. त्यामुळे या वह्यांतला फरक आमच्या मनात घर करून राहिला. इंग्रजांना लोक मोजायचे होते. पोर्तुगिजांना कोण कोणाचा हे ठरवायचे होते. वरवर पाहता एकच वाटणारे हे काम या दोन हेतूंमुळे किती वेगळे झाले, आणि त्याची फळे आपण अजून कशी भोगत आहोत, तेच येथे सांगावयाचे आहे.

इंग्रजी मुलुखातील नोंदीचा उगम सैन्यात आहे. हिंदुस्थानातील गोरे शिपाई लढाईपेक्षा रोगराईनेच अधिक मरत, हे १८५७ नंतर लंडनला फार बोचू लागले. सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजआयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई त्यामागे हात धुऊन लागल्या होत्या. पुढच्याच वर्षी तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. छावणीतला शिपाई वाचवायचा तर छावणीबाहेरच्या गावात पटकी केव्हा शिरली हे कळायला हवे; आणि ते कळायचे तर गावात किती माणसे मेली हे कोणीतरी दर महिन्याला कळवायला हवे. हे काम अर्थातच गावकामगारांच्या गळ्यात पडले. पाटलाने खबर द्यायची, कुलकर्ण्याने किंवा तलाठ्याने लिहायचे, तालुक्याने बेरीज करायची. पुढे तीच वही महसुली नमुन्यांत ‘गाव नमुना चौदा’ म्हणून बसली. काही भागांत तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात.

बेरीज हाच हेतू असल्यावर नावाला काय किंमत? मेलेल्याच्या नावाने आकड्यात फरक पडत नाही. शिवाय आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी, काही घरांत त्याहूनही उशिरा. खबर जाते तेव्हा मूल अनामिकच असते. बाप मात्र गावाला ठाऊक असतो, म्हणून बापाचे नाव लिहिले जाई. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठराविक होते : पटकी, देवी, हगवण, ताप, इजा, आणि पुढे प्लेग. जे कशात बसत नसे ते तापात जाई. वैद्य नाही, डॉक्टर नाही, पाटलाने विचारले तर घरचे म्हणणार, ‘ताप आला आणि गेला’. तेव्हा निम्मा हिंदुस्थान तापाने मरत होता असे त्या वह्यांवरून वाटले तर नवल नाही. आरोग्य खात्याचे अधिकारी आपल्या वार्षिक अहवालांत याबद्दल कुरकुर करीत. पण गावात माणूस नेमण्यासाठी पैसा द्यावा असे त्यांच्या वरिष्ठांना काही वाटले नाही. १८८६ मध्ये जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदणीचा एक कायदा झाला खरा. पण तो ऐच्छिक होता, आणि मुख्यतः युरोपियन व ख्रिस्ती लोकांच्या सोयीसाठी होता. रयतेला कायदेशीर दाखला देण्याची सरकारला गरज वाटली नाही, आणि रयतेलाही त्या दाखल्याची गरज पडत नव्हती.

अशी वही नेमकी संकटाच्या वेळी कोलमडते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घरझडती आणि विलगीकरण यांच्या धास्तीने लोकांनी रोगी लपवले, मृत्यू लपवले, कारणे बदलून सांगितली. पुण्यात त्याचे पर्यवसान १८९७ मध्ये रँडच्या वधात झाले, हे वाचक जाणतातच. ज्या हाताने झडती घ्यायची त्याच हाताने नोंद घ्यायची, अशी व्यवस्था असल्यावर खरे कोण सांगणार? त्यानंतरची मानमोडी, म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, ही तर त्याहून मोठी कसोटी. तेव्हा खबर देणारा पाटील आजारी, लिहिणारा आजारी, जाळायला माणसे मिळत नाहीत, तेथे वही कोण उघडणार? त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याच्याही वर जातात. साठ-सत्तर लाख माणसे होती की नव्हती हे ठरत नाही, असे हे दप्तर. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात वाढण्याऐवजी घटली, हे कळले ते दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीमुळे. दर महिन्याला होणाऱ्या नोंदीमुळे नव्हे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकू. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहास बंदी करणारा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर होऊन १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला, मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा. हेतू थोर, पण वय सिद्ध करायचे कशावरून? वहीत ‘मुलगी’ एवढेच. कोणती मुलगी, हे बापाने सांगायचे. आणि गुन्हा तर बापानेच केलेला.

आता घाट उतरून गोव्यात येऊ. येथील नोंदीचा वंश चर्चमधून येतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक पाद्र्याला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवण्याची आज्ञा केली. माणूस कोणाचा मुलगा आणि कोणाशी विवाहबद्ध, हे कळल्याखेरीज लग्न लावता येत नव्हते, म्हणून ही वही. तिच्यात नाव हाच गाभा होता. ही व्यवस्था ख्रिस्ती प्रजेपुरती. हिंदूंची नावे निराळ्या कागदांवर टिकून राहिली : गावकारीत, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणत तिच्यात, जोण घेणाऱ्यांच्या यादीत, देवळांच्या महाजनांच्या यादीत, जिच्यासाठी सरकारने १८८६ मध्ये माझानियांचे नियम केले, आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. या सर्व याद्या काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या, कारण त्यांतील नावावर हक्क अवलंबून होता : वाट्याचा, मानाचा, पिंडाचा. पण त्या पुरुषांच्या याद्या होत्या. स्त्रीला जोण नव्हती, महाजनकी नव्हती. म्हणून तिचे नावही नव्हते.

पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. नव्या सत्ताधाऱ्यांचे पहिले वैर पाद्र्यांशी. त्यांनी त्याच डिसेंबरात विवाहाचा दिवाणी कायदा केला आणि १९११ च्या फेब्रुवारीत नागरी नोंदणीची संहिता काढली. वह्या चर्चच्या हातून सरकारच्या हाती आल्या, आणि पुढील काही वर्षांत हीच पद्धत गोव्यात उभी राहिली. लिस्बनमधील भांडणाचा सत्तरीतल्या कुणब्याशी काय संबंध, असे वाटेल. पण त्या भांडणामुळे पहिल्यांदाच हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यासाठी एकाच नमुन्याची वही आली.

या वहीतील एक नोंद म्हणजे जवळजवळ एक लहानसे दस्तऐवजच असते. जन्माचा दिवस, वेळ, गाव, मुलाचे नाव, आई-बापांची नावे, ते कोठले, विवाहित की कसे, मग बापाच्या आई-बापांची नावे आणि आईच्या आई-बापांची नावे, खबर देणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही. समासात कोरी जागा. त्या जागेत पुढे त्याच माणसाच्या लग्नाचा शेरा यावा, मृत्यूचा शेरा यावा, अशी योजना. इंग्रजी वहीत जन्म एका पानावर आणि मृत्यू दुसऱ्या पानावर, त्या दोघांची ओळखदेख नाही. येथे एका माणसाचे आयुष्य एका पानाला बांधलेले.

आणि लोक नोंद करायला गेले. कायद्याचा धाक होता, दंड होता, पण आमच्या मते खरे कारण वारसा हे आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे मुलांना, मुलींनाही, मालमत्तेत हिस्सा. लग्नापूर्वी निराळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक. हिस्सा मागायचा तर जन्म दाखवा, लग्न दाखवा, बाप मेल्याचा दाखला दाखवा. धार्मिक विधीने लग्न लागले तरी हिंदू घरांत नोंदणीची सही चुकली नाही. आजही गोव्यात लग्न जमले की लोक मुहूर्ताच्या आधी विचारतात, ‘सह्या केव्हा?’ आमच्या आईचे लग्न १९५३ चे. तेव्हा सोळा वर्षांच्या त्या मुलीच्या वयाचा कागद घेऊन आमचे आजोबा घाट उतरून आले होते म्हणे. त्या कागदावर तिचे नाव नसल्याने शेवटी गावच्या पाटलाचा दाखला आणि साक्षीदार यांवर भागवावे लागले.

हे वाचून कोणी आम्हांला परकीय राजवटीचे भाट म्हणू नये. त्या वहीचे दोष आम्ही मेजाच्या अलीकडून पाहिले आहेत. भाषा परकी, लिपी परकी. रोमन लिपीत ‘श’ साठी ते ‘एक्स’ लिहीत, ‘क’ साठी ‘सी’ किंवा ‘क्यू’. प्रभूचा ‘पोरोबो’ झाला, शेणवीचा ‘सिनाय’, कामताचा ‘कामोतीं’. १९६१ नंतर शाळेत इंग्रजी वळणाने नाव गेले, आणि एकाच माणसाची दोन माणसे झाली. आमच्या समोर एकदा एक वृद्ध बाई आली. नवऱ्याच्या मृत्यूनंतरचे तिचे निवृत्तिवेतन अडले होते, कारण लग्नाच्या नोंदीतील नवरा आणि सेवापुस्तकातील नवरा यांच्या आडनावांत तीन अक्षरांचा फरक होता. कोणत्याशा कार्यालयाने तिला चार वेळा परत पाठवले होते. ती म्हणाली, ‘भाऊ, संसार केला तो नक्की कोणाबरोबर, तेवढे तरी लिहून दे.’ आम्ही हसलो. मग लाज वाटली.

त्याहून जिव्हारी लागणारा दोष निराळाच. ‘कोण कोणाचा’ हे ठरवणारी वही ज्याचे कोणी नाव लावीत नाही त्याला उघडे पाडते. बापाने कबूल केले नाही तर नोंदीत ‘पिता अज्ञात’ असा शेरा पडे. ज्या घराण्यांतील स्त्रियांना समाजाने लग्नच नाकारले होते त्यांच्या मुलांच्या वाट्याला तो शेरा आला. बाप गावाला ठाऊक असे, कधी त्याच देवळाच्या महाजनांच्या यादीत असे. सरकारी कागदाला मात्र तो अज्ञात. अशा शेऱ्याचा दाखला शाळेत, नोकरीत, लग्नात दाखवावा लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी सोसले तेच जाणोत. इंग्रजी वहीत आईचे नाव गळले, या वहीत आईच्या नावालाच डाग लागला. अविवाहित मातेला पित्याचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही आणि तिच्या शपथपत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले ते २०१५ मध्ये.

गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने येथील जुने कायदे चालू ठेवले. पुढे संसदेने १९६९ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम केला. तो १९७० पासून टप्प्याटप्प्याने देशभर आला. जन्म-मृत्यूची नोंद पंचायती-नगरपालिकांकडे गेली. लग्न जुन्याच वाटेने राहिले. आमच्या समजुतीप्रमाणे हा १९६९ चा कायदा इंग्रजी वहीचा मुलगा आहे. त्यानेही मुलाच्या नावाशिवाय नोंद मान्य केली. नाव एका वर्षात विनाशुल्क, नंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. एकवीस दिवसांत खबर द्यावी. वर्ष उलटले तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा, असा नियम होता. ऊसतोडीला गेलेल्या बाईने फडावरच्या खोपीत मूल जन्माला घातले, तर तिने कोणत्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे? २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. त्याच दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांसाठी जन्मदाखला हाच शाळा, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, वाहन परवाना यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा ठरला. म्हणजे मोजण्यासाठी निघालेली वही शेवटी हक्काच्या वाटेला लागली. हक्क जोडला की लोक येतात; आणि हक्क जोडला की ज्याच्याजवळ कागद नाही तो पूर्वीपेक्षा अधिक उघड्यावर पडतो. ही दुसरी बाजू फाइलींवर टिपणे लिहिताना क्वचितच ध्यानात घेतली जाते.

आकडे सुधारले आहेत हे नाकारता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी सुमारे एक्केचाळीस मुलांची नोंद झालेली होती. २०१९-२१ मध्ये ती एकोणनव्वदांवर गेली. जगात मात्र पाच वर्षांखालील सुमारे पंधरा कोटी मुलांची कोठेच नोंद नाही, असे युनिसेफने २०२४ च्या अखेरीस सांगितले. मृत्यूची नोंद मागेच रेंगाळते, आणि तीतही स्त्रीच्या मृत्यूची अधिक. तिच्या नावावर जमीन नसते, विमा नसतो. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावाचून कोणाचे काही अडत नाही.

जुन्या वह्यांना मात्र अलीकडे अनपेक्षित दिवस आले. पोर्तुगालच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या आधारे, १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुले-नातवंडे लिस्बनमध्ये आपल्या जन्माची नोंद करू लागली. आजोबांच्या जन्माच्या पानाची संपूर्ण नक्कल, जिला येथे ‘तेओर’ म्हणतात, ती मागण्यासाठी आमच्या कार्यालयापुढे पहाटेपासून रांग लागे. भारतीय नागरिकत्व गमावण्याची किंमत देऊन हजारो गोवेकर त्या पानाच्या जोरावर युरोपात गेले. इकडे महाराष्ट्रात २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील आणि नंतर राज्यभरातील जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारे धुंडाळले गेले. आणि गाव नमुना चौदामध्ये पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ असा शब्द आहे का, हे पाहिले गेले. पटकीची बेरीज करण्यासाठी तलाठ्याने घाईघाईने लिहिलेला जातीचा शब्द शंभर वर्षांनी पणतवाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न ठरवतो. लिहिणाऱ्याला ते कोठून कळणार? बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांनी आपापल्या संस्थानी दप्तरांत अशा नोंदी कोणत्या रकान्यांनी भरल्या गेल्या हे जरूर पाहावे. तुलना करण्याजोगे पुष्कळ हाती लागेल.

आमची आई २०१४ मध्ये गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही पंचायतीत खबर द्यायला गेलो. मृत्यूच्या नमुन्यात मृताच्या आईचे नाव विचारलेले असते. लिहिणारी मुलगी तरुण होती, संगणकावर बसलेली. तिने विचारले, ‘आजीच्या आईचं नाव?’ आम्ही म्हणालो, राधाबाई. ‘कुठल्या कागदावर आहे का?’ खानापूरच्या वहीत नव्हते. आम्ही पिशवीतून स्वतःच्याच जन्माची तेओर काढली आणि बोट ठेवून दाखवले : मातेकडील आजी, ‘रादाबाय’, राहणार तालुका खानापूर. तिने पडद्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि विचारले, ‘मग ध घालू की द?’